जिल्ह्याचा अंदाज, गावचा पारा

थंडीच्या दिवसांत हवामान खात्याचे एक वाक्य दरवर्षी कानावर पडते : मध्य महाराष्ट्रात येत्या दोन दिवसांत किमान तापमानात दोन ते तीन अंशांनी घट होण्याची शक्यता आहे. हवामान खात्याच्या हिशेबात मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबारपासून सोलापूर-कोल्हापूरपर्यंतचे दहा जिल्हे. त्यात तापीचे खोरे येते, सह्याद्रीचा माथा येतो, माणदेशाचा कोरडा पट्टा येतो आणि पुण्यासारखे चहूबाजूंनी वाढलेले शहरही येते. वाक्य चुकीचे नसते. बहुतेक वेळा पारा खरोखरच दोन-तीन अंशांनी उतरतो. पण निफाडच्या द्राक्षबागायतदाराचा प्रश्न वेगळा असतो. पहाटे पाच वाजता माझ्या बागेत पारा चारच्या खाली जाईल का, हे त्याला हवे असते. त्यावर मजुरांना रात्रीच थांबवून शेकोट्या पेटवायच्या की नाही, पहाटे ठिबक सुरू करायचे की नाही, हे ठरते.

पावसाच्या अंदाजावर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. तापमानाच्या अंदाजाची चर्चा त्या मानाने थोडी होते, आणि झालीच तर ती 'अंदाज चुकला' एवढ्यावर थांबते. राष्ट्रीय अंदाज आणि स्थानिक तापमान यांत अंतर का पडते, ते कमी करण्याचे कोणते मार्ग पुढे आले आहेत आणि त्यांतले काय सिद्ध झाले आहे, याची मांडणी इथे केली आहे. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातली आहेत, कारण समुद्रसपाटीपासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत आणि तिथून विदर्भापर्यंत हा प्रश्न आपल्या राज्यात जवळजवळ सर्व रूपांत भेटतो.

मोजले जाते ते कुठले तापमान?

आधी मोजमापाकडे पाहायला हवे. बातम्यांत येणारे तापमान हे सावलीतल्या हवेचे असते. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकावर ते वाचले जाते. या पेटीला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. दीपगृहे बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने, म्हणजे कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या वडिलांनी, ती एकोणिसाव्या शतकात तयार केली. पेटीखाली गवत असावे, आसपास भिंती, डांबर किंवा मोठी झाडे नसावीत, हवा मोकळी खेळावी, असे जागतिक निकष आहेत.

हे निकष मुद्दाम तसे ठेवलेले आहेत. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून नियमित नोंदी होत आल्या आहेत. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये सुरू झाले आणि १९२८ ते १९४४ या काळात त्याचे मुख्यालय पुण्यात होते. दीडशे वर्षांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता याव्यात म्हणून जागा, उंची आणि पेटी यांत शक्यतो बदल करायचा नाही, ही त्यामागची शिस्त. शिस्तीची किंमत अशी की वेधशाळा ज्या मोकळ्या, गवताच्या जागी असते तिथे सहसा कोणीच राहत नाही. डांबरी चौकातला रिक्षाचालक, पत्र्याच्या छपराखालचे कुटुंब आणि गव्हाच्या ओंब्या या सगळ्यांचे तापमान वेगवेगळे असते. त्यांपैकी एकही 'अधिकृत' नसते.

फरक नेमका कशाने पडतो

महाबळेश्वरचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेकच्या काठावर हिमकण जमल्याचे फोटो दरवर्षी वृत्तपत्रांत येतात. होड्यांच्या धक्क्यावरच्या फळ्या, गाड्यांचे टप, स्ट्रॉबेरीची पाने पहाटे पांढरी झालेली असतात. त्याच सकाळी महाबळेश्वरच्या वेधशाळेतला किमान आकडा अनेकदा नऊ-दहा अंशांच्या आसपास असतो. वाचकाला वाटते, दोहोंपैकी एक खोटे आहे. प्रत्यक्षात दोन्ही खरे आहे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता वेगाने आकाशाकडे सोडते. तिला चिकटलेली हवा थंड होते, जड होते आणि उतारावरून ओघळत खोलगट भागात साचते. लिंगमळ्याकडचा आणि तळ्याकाठचा सखल भाग हे अशा हवेचे साचण्याचे ठिकाण. वर पठारावरची वेधशाळा त्या थंड हवेच्या थराबाहेर राहते. शिवाय हिमकण जमतात ते पानावर आणि फळीवर. निरभ्र रात्री गवताच्या पात्याचे तापमान पेटीतल्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी सहज कमी असू शकते. म्हणजे फरक दोन पायऱ्यांचा आहे : एक जागेचा, दुसरा मोजण्याच्या उंचीचा.

पुण्यात हेच चित्र शहराच्या पोटात दिसते. थंडीच्या लाटेत शिवाजीनगर आणि पाषाण एक अंकी आकड्याकडे झुकतात, तेव्हा मगरपट्टा आणि टेकडीवरचे लवळे कित्येक अंशांनी उबदार असते. मगरपट्ट्याचे कारण काँक्रीट असे बहुतेकांना वाटते, आणि त्यात तथ्य आहे. लवळ्याचे कारण मात्र वेगळे आहे. तिथे थंड हवा थांबतच नाही, खाली वाहून जाते. एकाच शहरात, सारख्याच दिसणाऱ्या दोन उबदार आकड्यांमागे दोन वेगळ्या गोष्टी असतात. जुन्या गावकऱ्यांना हे ठाऊक होते. नाल्याकाठच्या वावरात हरभरा आधी करपतो, माळावरचा वाचतो, हे सांगायला त्यांना तापमापक लागला नाही.

मुंबईचा फरक समुद्राने ठरतो. कुलाबा तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले, सांताक्रूझ त्या मानाने आत. जानेवारी १९६२ मधल्या थंडीत सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली आणि कुलाब्याला पारा ११.७ च्या खाली गेला नाही. उन्हाळ्यात हिशेब उलटतो. मार्चमध्ये सकाळी जमिनीवरून पूर्वेचे कोरडे वारे येतात. दुपारच्या आधी खारे वारे सुरू झाले तर पारा आटोक्यात राहतो. पूर्वेचा जोर टिकला आणि खारे वारे एक-दोन वाजेपर्यंत लांबले, तर सांताक्रूझ चाळीशीकडे जाते. त्याही पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी, खाऱ्या वाऱ्यांचा गारवा पोहोचेपर्यंत दुपार सरलेली असते. रायगडमधल्या भिरा इथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली, तेव्हा कोकणात एवढा पारा चढू शकतो यावर अनेकांचा विश्वास बसला नव्हता.

या उदाहरणांतून एक भेद दिसतो आणि पुढच्या चर्चेसाठी मला तो कळीचा वाटतो. काही फरक ठाम असतात. उंची, खोलगटपणा, समुद्रापासूनचे अंतर, वस्तीची दाटी रोज बदलत नाही, त्यामुळे सारख्या हवामानात फरकही साधारण तसाच पडतो. काही फरक चंचल असतात. खारे वारे आज किती वाजता येतील, पहाटे ढग येईल का, वारा पडेल का, हे रोज नव्याने ठरते. पहिल्या प्रकारचा फरक शिकून घेता येतो. दुसऱ्या प्रकारचा दररोज वर्तवावा लागतो.

अंदाज घडतो कसा

आजचा अंदाज संगणकातल्या प्रारूपातून निघतो. प्रारूप वातावरणाचे चौकटींत तुकडे करते आणि प्रत्येक चौकटीसाठी तापमान, वारा, आर्द्रता यांचे गणित सोडवते. आपल्याकडे काही वर्षे जागतिक प्रारूपाची चौकट सुमारे १२ किलोमीटरची होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, विकसित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झाली आणि चौकट ६ किलोमीटरवर आली. त्यासाठी लागणारा 'अर्का' हा महासंगणक संस्थेत सप्टेंबर २०२४ पासून आहे. युरोपीय केंद्राच्या जागतिक प्रारूपाची चौकट ९ किलोमीटरची आहे. ब्रिटनचे हवामान खाते स्वतःच्या बेटांपुरते दीड किलोमीटरच्या चौकटीचे प्रारूप चालवते, पण त्याचा प्रदेश आपल्या तुलनेत फार लहान आहे.

सह्याद्रीत या चौकटीचा अर्थ काय होतो? महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला सरळ रेषेत वीसेक किलोमीटरच्या आत पोलादपूरजवळ जमीन जवळजवळ समुद्रसपाटीला येते. उंचीनुसार तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी घटते असे धरले, तर केवळ उंचीमुळे या दोन ठिकाणांत आठ-नऊ अंशांचा फरक पडायला हवा. बारा किलोमीटरच्या चौकटीत कडा, दरी आणि पठार यांची मिळून एकच सरासरी उंची होते. प्रारूपातला सह्याद्री खऱ्या सह्याद्रीपेक्षा बुटका आणि बोथट असतो. चौकट निम्मी केल्याने तो बराच सुधारतो. पण प्रारूपाला एखादी गोष्ट नीट 'दिसायची' असेल तर तिचा विस्तार चौकटीच्या पाच-सहापट तरी असावा लागतो, असा अनुभव आहे. सहा किलोमीटरच्या चौकटीने वेण्णेची दरी दिसणार नाही.

म्हणून प्रारूपातून निघालेला आकडा तसाच लोकांपर्यंत जात नाही. प्रारूपाची एखाद्या केंद्रावरची नेहमीची चूक जुन्या नोंदींवरून काढून ती वजा करण्याची पद्धत अमेरिकेत १९७०च्या दशकात रुळली. आज बहुतेक सगळी राष्ट्रीय खाती या ना त्या रूपात ती वापरतात. त्यावर प्रादेशिक केंद्रातले अंदाजकार स्वतःच्या जाणकारीने हात फिरवतात. महाराष्ट्रासाठी हे काम मुंबई आणि नागपूर इथल्या केंद्रांतून होते. त्यामुळे जिथे जुनी वेधशाळा आहे तिथला अंदाज सहसा चांगला असतो, कारण चूक दुरुस्त करायला मागच्या नोंदी हाताशी असतात. जिथे वेधशाळा नाही तिथे दुरुस्ती कशाच्या आधारे करायची, इथून खरा वाद सुरू होतो.

वेगवेगळ्या बाजू

पहिली बाजू मानकांचा आग्रह धरणाऱ्यांची. हवामान खात्यातल्या अनेक जाणकारांचे म्हणणे असे की राष्ट्रीय अंदाज हा प्रदेशाचाच असतो आणि तसाच असावा. गल्लीगल्लीतला फरक त्यात ओढला तर तुलना करण्याजोगे काही उरणार नाही. त्यांच्या बाजूने अलीकडची दोन ठळक उदाहरणे आहेत. २९ मे २०२४ रोजी दिल्लीत मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले. त्याच दिवशी सफदरजंगच्या मुख्य वेधशाळेत ४६.८ अंश होते. देशातला विक्रम मोडल्याच्या बातम्या जगभर गेल्या. तपासणीत त्या केंद्रातला संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे निघाले. त्याच सुमारास नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि तेही बिघाडातच निघाले. देशातला मान्य विक्रम अजून १९ मे २०१६ रोजीचा, राजस्थानातल्या फलोदीचा ५१ अंशांचाच आहे. केंद्रे वाढवली की चुकाही वाढतात, हा या बाजूचा मुद्दा हलका नाही.

दुसरी बाजू केंद्रे दाट करा म्हणणाऱ्यांची. महाराष्ट्रात याचा मोठा प्रयोग झाला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'महावेध' प्रकल्पात राज्य सरकारने खासगी भागीदारीत महसूल मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रे उभारली. त्यामागे केवळ माहितीची हौस नव्हती, पैशाचा प्रश्न होता. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई तापमानाच्या आकड्यावर ठरते. केळीसाठी थंडीच्या हंगामात सलग तीन दिवस पारा ८ अंश किंवा त्याखाली गेला तर भरपाई, अशा स्वरूपाच्या अटी त्यात असतात. रावेर-यावलच्या शेतकऱ्यासाठी मंडळाच्या केंद्रावर ७.९ आले की ८.२, यावर हंगामाचा हिशेब फिरतो. केंद्र इमारतीला खेटून असेल, त्याखाली मुरूम असेल किंवा आसपास उसाचा फड वाढला असेल, तर तेवढा फरक सहज पडू शकतो. म्हणून या बाजूतही आता केंद्रांची संख्या पुरे, जागा आणि देखभाल तपासा, असे म्हणणारे बरेच आहेत. मला त्यांचे म्हणणे पटते. नीट जपलेले एक केंद्र दुर्लक्षित दहा केंद्रांपेक्षा जास्त सांगते.

तिसरी बाजू प्रारूपे बारीक करणाऱ्यांची. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेले दोन हजार कोटी रुपयांचे 'मिशन मौसम' याच दिशेचे आहे. त्या ऑक्टोबरात ग्रामपंचायत पातळीवरचे पाच दिवसांचे आणि तासागणिक अंदाजही सुरू झाले. चंचल फरकांसाठी ही वाट अपरिहार्य आहे. खारे वारे कधी येतील हे जुन्या सरासरीवरून कळत नाही, त्यासाठी किनारा, घाट आणि वारा यांचे गणित बारीक चौकटीतच करावे लागते. आक्षेप इतकाच की ग्रामपंचायतीचे नाव लिहिलेला आकडा आणि ग्रामपंचायतीसाठी खरोखर वेगळा काढलेला आकडा, या दोन गोष्टी एक नाहीत. शेजारच्या चार गावांना एकाच चौकटीचा अंदाज मिळत असेल तर ते लोकांना स्पष्ट सांगायला हवे.

चौथी बाजू नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेची. २०२३ पासून गूगल डीपमाइंडचे 'ग्राफकास्ट' आणि त्यासारखी प्रारूपे जागतिक अंदाजात जुन्या प्रारूपांच्या बरोबरीने किंवा पुढे जाऊ लागली आहेत. मात्र ती ज्या माहितीवर शिकलेली आहेत तिची चौकट पंचवीस-तीस किलोमीटरची आहे. निफाड किंवा लवळे तीत नाही. हेच तंत्र स्थानिक नोंदींवर शिकवले तर ठाम फरक उत्तम पकडता येतील, यावर बहुतेक तज्ज्ञ सहमत आहेत. पण शिकवायला विश्वासार्ह स्थानिक नोंदी लागतात. म्हणजे ही वाटही फिरून दुसऱ्या बाजूच्या दारातच येते.

उन्हाच्या लाटेचा उंबरठा

स्थानिक फरकाचा प्रश्न सर्वांत जिवावर बेततो तो उन्हाळ्यात. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान ४० अंश किंवा अधिक, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० असेल, आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची लाट धरतात. हवामान विभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तसे व्हावे लागते. पारा ४५ वर गेला तर सरासरी न पाहताही लाट धरली जाते. भूभागानुसार वेगळे उंबरठे ठेवणे ही स्थानिक फरकाची दखलच आहे, पण ती ढोबळ आहे.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर दुपारी झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. परिसरातल्या केंद्रावर पारा ३८ अंशांच्या घरात होता. विदर्भात हा आकडा एप्रिलमध्ये कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण किनाऱ्यावरची दमट हवा आणि डोक्यावरचे थेट ऊन पेटीतल्या आकड्यात येत नाही. घाम सुकत नसेल तर ३८ अंशही जीव घेतात. हवामान खाते आता आर्द्रता जमेस धरून 'जाणवणारे तापमान' प्रायोगिक स्वरूपात देते, हे त्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल आहे.

दुसरा मार्ग अहमदाबादने दाखवला. मे २०१० मधल्या उष्णतेत तिथे मोठी मनुष्यहानी झाली. त्यानंतर शहराने मृत्यूंच्या नोंदी तापमानाशी जुळवून पाहिल्या आणि २०१३ मध्ये स्वतःचा उष्णता कृती आराखडा केला. इशाऱ्याचे टप्पे शहरापुरते ठरवले. नागपूरसह अनेक शहरांनी पुढे तसे आराखडे केले. इथे अंदाज राष्ट्रीयच राहतो, त्याचा अर्थ मात्र स्थानिक पातळीवर लावला जातो. मला हा मार्ग सर्वांत कमी खर्चाचा आणि तरीही सर्वांत कमी वापरला गेलेला वाटतो.

न सुटलेले प्रश्न

शहरी उष्णतेबद्दलच एक मोठा गोंधळ आहे. उपग्रहावरून काढलेले शहरांचे लालबुंद नकाशे हल्ली सर्रास छापले जातात. त्यात दिसते ते जमिनीच्या आणि छपरांच्या पृष्ठभागाचे तापमान. हवेचे तापमान त्यापेक्षा बरेच वेगळे असते. आपल्या कोरड्या हवामानातल्या अनेक शहरांत उन्हाळ्याच्या दुपारी भोवतालची उघडी, नांगरलेली रानेच शहरापेक्षा जास्त तापलेली दिसतात. शहराचा खरा ताप रात्री जाणवतो, भिंती दिवसाची उष्णता सोडत राहतात तेव्हा. इशारे मात्र अजून मुख्यतः कमाल तापमानावर बेतलेले आहेत. वस्तीनिहाय रात्रीचे तापमान वर्तवण्याची व्यवस्था आपल्याकडे बाल्यावस्थेत आहे.

माणसांचाही प्रश्न आहे. अंदाज गावापर्यंत समजावून नेण्यासाठी देशात १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उभारली गेली होती. २०२४ च्या सुरुवातीला ती बंद करण्याचा निर्णय झाला. स्वयंचलित सल्ला पुरेसा आहे, हा त्यामागचा विचार. आपल्या तालुक्यात थंडी कुठे साचते आणि कुठे वाहून जाते हे जाणणारा माणूस त्या सल्ल्यात कसा बसवायचा, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

सर्वांत अडलेली बाब पडताळ्याची आहे. तापमानाचा अंदाज प्रत्यक्षाच्या दोन अंशांच्या आत आला तर तो सहसा बरोबर धरतात. जिल्ह्याच्या मुख्य वेधशाळेसाठी हे माप वाजवी आहे. पण आकडा ग्रामपंचायतीच्या नावाने दिला जातो, तेव्हा पडताळाही तितक्याच बारीक जागेचा हवा, आणि तो सामान्य शेतकऱ्याला सहजी पाहायला मिळत नाही. त्यासाठी लागणारे दोन्ही हिस्से महाराष्ट्रात तयार आहेत : एकीकडे पंचायतीचा रोजचा अंदाज, दुसरीकडे मंडळाच्या केंद्रावरची रोजची नोंद. दोन्ही शेजारी मांडले, जागा सदोष असलेली केंद्रे आधी बाजूला काढली आणि कमाल-किमान वेगवेगळे तपासले, तर अंदाज कुठल्या मंडळात सतत दोन अंशांनी उबदार येतो आणि कुठे तो दिवसागणिक भरकटतो, हे एका हंगामात दिसू लागेल. पहिल्या यादीतल्या मंडळांना साधी दुरुस्ती पुरेल. बारीक प्रारूपांची खरी गरज दुसऱ्या यादीतल्यांना आहे.